कंप्रेसरची पूजा

गाडीतला एसी थंडी बनवतो असं लोकांना वाटतं. तो काहीच बनवत नाही. गाडीत जी गरमी असते ती उचलून बाहेर नेऊन टाकतो, एवढंच त्याचं काम. हमालासारखं. आतून भरायचं, बाहेर ओतायचं, रिकामं होऊन परत आत यायचं. ओझं वाहतो तो गॅस, आणि त्या गॅसला मागून ढकलत राहतो तो कंप्रेसर. कंप्रेसर मेला की हमाल जागच्या जागी उभा. मग पंखा कितीही जोरात लावा, बाहेरचीच झळ आत येणार.

हे मी आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगत आलो. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकवाल्यांनी निरोप पाठवला की काका, धंद्याचे अनुभव लिहा, पण जन्म कुठे, शिक्षण किती, असलं नको. बरं झालं. शिक्षण चौथीपर्यंत, ते एका ओळीत संपलं. आमचे पणजोबा बडोदे सरकारच्या पागेत घोडे सांभाळायचे. मी मकरपुऱ्याच्या रस्त्यावर मोटारी सांभाळल्या, आणि मोटारीतही फक्त एसी. इंजिनाला मी हात लावत नसे. लोक म्हणायचे, एवढं एकच काम येतं का तुम्हाला? मी म्हणायचो, हो, पण ते येतं.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. मांडवीतल्या एका कापडवाल्या शेठच्या गाडीला कधी गार हवाच येईना. गॅस बरोबर, कंप्रेसर बरोबर. बॉनेट उघडून पुढे बघतो तर जाळीवर आतून मलमलचा पडदा शिवलेला. धूळ जायला नको म्हणून. त्या जाळीमागेच गॅस आपली गरमी बाहेर टाकतो, तिथे वारा लागला पाहिजे. मी म्हटलं, शेठ, गाडीचं नाक दाबलंत तुम्ही. त्यांनी पडदा काढला, मला पेढे दिले, आणि पुढच्या उन्हाळ्यात परत शिवला.

दुसरी एक गाडी नवरदेवाची. ऐन वैशाखात वरात निघालेली आणि एसी बंद. बघितलं तर पुढची सगळी जाळी झेंडूच्या माळांनी गच्च. काढा म्हटलं तर नवऱ्याची आत्या आडवी आली, शुभकार्यात फुलं काढायची नाहीत. आतमध्ये नवरदेव शेरवानीत उकडतोय. शेवटी मी म्हटलं, काढत नाही, मागे नेऊन बांधतो, मागूनच तर लोक बघणार आहेत. ते तिला पटलं. माळा डिकीवर गेल्या आणि नवरदेवाच्या अंगात जीव आला.

आता धंदा मी सोडला आहे. आणि हल्ली कंप्रेसर उघडून दुरुस्त कोणी करतही नाही, सबंध काढून सबंध नवा बसवतात. मला ते आवडत नाही, पण मला विचारतं कोण? तरी या उन्हाळ्यात मला परत गाडीखाली शिरावं लागलं, आणि तेच आज सांगायचं आहे.

आमच्या घरी, तरसालीला, माझी जुनी छोटी गाडी आहे. ते मॉडेल बंद पडून जमाना झाला. मुलगा नितीन कधीपासून म्हणतोय, विकून टाका. मी विकत नाही. तिची पुढची सीट मी सपाट पडेल अशी करून घेतली आहे, आणि ती केली आहे अक्कासाठी.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. मराठी शाळेत बाई होती. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यापासून आमच्याकडे असते असं म्हणतात, पण खरं तर आम्हीच तिच्याकडे असतो, कारण घरात चालतं तिचं. दोन वर्षांपूर्वी तिच्या किडन्या बसल्या. तेव्हापासून एक दिवसाआड डायलिसिस. इस्पितळ सुभानपुऱ्याकडे, म्हणजे अख्खं बडोदं ओलांडून जायचं. सकाळी नेऊन सोडायचं आणि भर दुपारी परत आणायचं. डायलिसिस झालं की माणसाचं अंग पिळून काढलेल्या फडक्यासारखं होतं. तेव्हा तिला सीटवर आडवी करायची, एसी लावायचा, आणि मी हळूहळू गाडी चालवायची, हे आमचं ठरलेलं.

मे महिन्यात कंप्रेसर कुरकुरायला लागला. मी ओळखलं, आतले भाग झिजले. हवा गार होती ती कोमट झाली, मग तीही गेली. मी म्हटलं दोन-चार फेऱ्या निघतील. निघाल्या नाहीत. परतीच्या वाटेवर एका सिग्नलला उभे असताना अक्का बोलता बोलता गप्प झाली. बघतो तर मान कलंडलेली. गाडी तशीच फिरवून परत इस्पितळात नेली. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब पडला, या अवस्थेत यांना ऊन चालणार नाही.

पुढच्या वेळी नितीनने मोबाईलवरून टॅक्सी बोलावली, चांगली एसीवाली. तिच्यात अक्काला उलटी झाली. ड्रायव्हर काही वाईट माणूस नव्हता, पण त्याच्या तोंडून निघून गेलं, माँजी, आता ही सीट कोण धुणार? अक्का घरी येऊन खाटेवर बसली आणि म्हणाली, "आता मी जायची नाही. मरायचं तर माझ्या खाटेवर मरेन, लोकांच्या सीटवर नाही."

आमच्या घराण्यात हट्टाला तोटा नाही, पण अक्काचा हट्ट म्हणजे त्यावर शिक्का. सुमनने, म्हणजे माझ्या बायकोने, समजावून बघितलं. नितीनने हात जोडले. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की डायलिसिसची एक पाळी जरी चुकली तरी पाणी छातीत चढेल. अक्काने ऐकून घेतलं आणि चष्मा पुसून पेपर उघडला. मी तिला विचारलं, गाडी गार करून दिली तर येशील का? तिने पेपरातून मान वर न करता सांगितलं, तुझ्या गाडीत येईन. पुढची पाळी परवाची होती.

मी जयंतीभाईकडे गेलो. जयंतीभाई माझ्याच हाताखाली तयार झालेला, आता त्याचं मोठं दुकान आहे. मे महिना, त्याच्या दारात गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत. तो म्हणाला, "काका, तमे बेसो, हुं करी दऊं." बसा म्हणतो, करून देतो म्हणतो, पण कधी? तर आठवडा जाईल. आणि या मॉडेलचा कंप्रेसर बाजारात नाहीच. मी म्हटलं, ते माझ्यावर सोड, तू फक्त गाडीतला गॅस मशीनने काढून घे. गॅस हवेत सोडायचा नसतो. मग मी जुन्या शहरातल्या स्पेअर पार्टवाल्यांच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. एका बोहरी दुकानदाराच्या माळ्यावर एक नवाकोरा कंप्रेसर मिळाला, खोक्यावर बोटभर धूळ. तो म्हणाला, चाचा, पूर्ण गावात हा एकच असेल. मी त्याला मिठी मारायचीच बाकी ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात काम काढलं. नितीनने रजा टाकली होती, मला अडवायला. म्हणाला, "बाबा, या वयात खाली शिरलात तर बाहेर काढायला क्रेन लागेल." मी म्हटलं, क्रेन येईपर्यंत तू जॅक धर. गाडी वर घेतली, खाली लोखंडी घोड्या लावल्या, पुढचं चाक काढलं. कंप्रेसर इंजिनाच्या पायथ्याशी असतो, बघायला खालून झोपावं लागतं. पट्टा उतरवला, वायर काढली, दोन्ही नळ्या सोडवल्या. सगळ्यात खालचा बोल्ट मात्र माझ्यासारखाच निघाला. गुडघे बोलायला लागले होते, हातही पूर्वीसारखा ठरत नाही आता. पण तो बोल्ट मी सोडवला. नितीनला हात लावू दिला नाही. कोणी हट्टी म्हणेल, म्हणू दे.

जुना कंप्रेसर बाहेर आला की आधी त्यातलं तेल ओतून बघायचं. काळं निघालं तर समजायचं आतून लोखंड झडलंय, मग सगळ्या नळ्या धुवायला लागतात. आमचं स्वच्छ निघालं. नळ्या धुवायचं वाचलं. जुन्यातून जेवढं तेल निघालं तेवढंच नवीन तेल नव्यात ओतायचं, औषध मोजतात तसं. जास्त झालं तर हवा गार होत नाही, कमी झालं तर कंप्रेसर जळतो. तेल ओतलं आणि कंप्रेसरच्या दोन्ही तोंडांना रबरी बुचं घट्ट बसवली, कारण हे तेल हवेतला ओलावा पितं.

आता, आमच्या घरात नवी वस्तू कुंकू लावल्याशिवाय वापरत नाहीत. पागेतल्या घोड्यांना लागायचं, वडिलांच्या सायकलला लागायचं, माझ्या पान्यांना दर दसऱ्याला लागतं. तो कंप्रेसर मी पाटावर ठेवला, सुमनला म्हटलं याची पूजा करून ठेव, आणि जयंतीभाईकडून हवा खेचायचा पंप, मीटर आणि गॅसची टाकी आणायला गेलो. परत आलो तर कंप्रेसर नटून बसलेला. अंगावर कुंकवाचं स्वस्तिक, वर जास्वंदीचं फूल, बाजूला सुपारी. मला बरं वाटलं. फूल काढून ठेवलं आणि गाडीखाली शिरलो.

बसवताना बुचं काढली तेव्हा मोठ्या तोंडाशी लाल लाल दिसलं. म्हटलं बाहेरचं कुंकू लागलंय, बोटाने पुसलं. नळ्या जोडल्या, बोल्ट आवळले. मग पुढची चकती हाताने फिरवून बघायची असते, म्हणजे आतलं तेल सगळीकडे जातं. फिरवली. काहीतरी किंचित कचकचलं. वरणभातात खडा यावा तसं. मला वाटलं ते माझ्या मनगटात. मनगटं हल्ली वाजतातच. बाहेर आलो, पंप जोडला, चालू केला. हा पंप नळ्यांतली सगळी हवा खेचून घेतो. मग गॅस भरायचा आणि इंजिन चालू करायचं, झालं काम.

सुमन चहा घेऊन आली. ओट्यावरच्या हिंचक्यावर, म्हणजे झोपाळ्यावर, अक्का बसली होती, तिला अर्धा कप दिला, मला पूर्ण दिला, आणि सहज म्हणाली, "ती सुपारी काही आत जाईना, म्हणून बाजूला ठेवली. चालेल ना?"

मी म्हटलं, कशाच्या आत?

"त्या तुमच्या कंप्रेसरच्या. मोठ्या भोकाच्या. अक्षता तेवढ्या गेल्या."

माझ्या हातात चहा होता, तो मी खाली ठेवला. मग ती सांगत गेली. पाटावर ठेवलेलं, दोन तोंडाचं, आत तेल असलेलं भांडं, तिला ते कलशासारखं वाटलं. कलशात सुपारी घालतात, अक्षता घालतात. झाकण लावून पूजा कशी करायची, म्हणून तिने बूच काढलं, कुंकवातल्या अक्षता आत सोडल्या, नमस्कार केला आणि बूच नीट परत लावलं. नीट लावलं हे तिने दोनदा सांगितलं.

मी धावत जाऊन पंप बंद केला. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. कंप्रेसरच्या आत पोलादाच्या पातळ पट्ट्या असतात, वहीच्या पुठ्ठ्याएवढ्याच जाड. त्या उघडतात मिटतात तेव्हा गॅस दाबला जातो. इंजिन चालू झालं असतं आणि तांदळाचा एक दाणा त्या पट्टीखाली आला असता, तर पट्टी गेली. पट्टी गेली की कंप्रेसर गेला, आणि गावात दुसरा नव्हता. उद्या सकाळी अक्काची पाळी.

माझा आवाज चढणार हे घरातल्या सगळ्यांना कळलं. नितीन दोन पावलं मागे झाला. सुमनने पदर खोचला, म्हणजे तीही तयार. तेवढ्यात हिंचका करकरायला लागला. अक्का हसत होती. नुसतं हसत नव्हती, तोंडाला पदर लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. गाडीचा एसी गेल्यापासून मी तिचे दात बघितले नव्हते.

"तिच्यावर डाफरू नकोस," ती म्हणाली. "पूजा कर म्हणालास, तिने मनापासून केली. नुसतं कुंकू लाव म्हणायचं होतंस."

"आणि मी काय कंप्रेसर शिकायला गेले होते?" सुमन म्हणाली.

नितीनने हळूच मोबाईल काढला, म्हणाला, उद्यापुरती टॅक्सी बोलावू का, ड्रायव्हरला मी आधीच सगळं सांगेन. मी काही बोलायच्या आत अक्का म्हणाली, "ठेव तो फोन. अजून दिवस मावळला नाहीये."

मी परत खाली शिरलो. तोच बोल्ट, त्याच नळ्या. या खेपेला सगळं पटापट सुटलं, रागात हात चांगला चालतो. कंप्रेसर बाहेर काढून स्टीलच्या परातीवर उलटा धरला. लालभडक तेल निघालं आणि त्यात दाणे. काही अख्खे, काही तुटलेले. चकती मी हाताने फिरवली होती ना, तेव्हाच तुटले. म्हणजे ते कचकचणं मनगटातलं नव्हतं. मी विचारलं, किती घातले होतेस? सुमन म्हणाली, "अक्षता कोणी मोजून घालतं का?"

मग सगळे निघाले हे कळायचं कसं? मी नवीन तेल ओतायचो, चकती हळूहळू उलटी फिरवायचो, परत परातीत ओतायचो. कुंकू आमच्या कामी आलं. जोवर तेल लालसर येतंय तोवर आत काहीतरी आहे. पण दाण्यांचा हिशेब माझ्याने लागेना. माझे डोळे बोल्ट बघायचे, तांदूळ नाही.

तेव्हा अक्का म्हणाली, परात इकडे आण. ओट्यावर सुमन एका बाजूला, अक्का दुसऱ्या बाजूला, मध्ये परात. दोघींनी जन्मभर तांदूळ निवडलेले. तेल जुन्या मलमलमधून गाळलं आणि दोघी दाणे बोटाने वेगळे करायला लागल्या. अख्खे एकीकडे, तुटके एकीकडे. मग अक्काने तुटक्यांच्या जोड्या लावायला घेतल्या. चष्मा नाकावर, मान खाली, अगदी वर्गात बसल्यासारखी.

"हा टोकाकडचा अर्धा," ती म्हणाली. "याचं बूड कुठाय?"

शोधलं, परातीत नव्हतं. फडक्यात नव्हतं. नितीन म्हणाला, आत्या, तांदूळ आधीच तुटलेला असेल. यावर सुमन अशी काही वळली की तो बिचारा परत फडकं चाचपायला लागला. अक्षतांना तुटका तांदूळ तिने कधी घेतला होता? निवडूनच घेते, अख्खाच घेते, हे तिने त्याला चांगलं ऐकवलं. म्हणजे ते बूड आतच होतं. मी परत तेल ओतलं. कंप्रेसर मांडीवर घेऊन, बाळाला डुलवतात तसा डुलवला, चकती फिरवली, ओतला. काही नाही. परत ओतलं. तेल आता पाण्यासारखं स्वच्छ यायला लागलं होतं आणि मला वाटायला लागलं, बाईमाणसांच्या नादाने उगाच चाललंय. पण अक्काने हात पुढे करून ठेवला होता, तो मागे घेईना. मी आणखी एकदा उलटा केला, तळहाताने बुडावर चापट मारली, आणि एक लाल कण टपकन परातीत पडला.

अक्काने तो नखावर घेतला, दुसऱ्या अर्ध्याला लावून बघितला. बसला.

"लाव आता तुझा कंप्रेसर," ती म्हणाली.

नवीन तेल मोजून ओतलं, कंप्रेसर बसवला, चकती फिरवली. या वेळी लोण्यासारखी फिरली. पंप लावला, हवा खेचली, मीटरचा काटा खाली गेला तो खालीच राहिला, म्हणजे कुठे गळती नाही. गॅस भरला. नितीनला म्हटलं, चालू कर. इंजिन चालू झालं, एसीचं बटण दाबलं, टक् असा आवाज झाला. हा टक् म्हणजे कंप्रेसरने काम हातात घेतल्याची खूण. मी बॉनेटखाली वाकून जाड नळीवर हात ठेवला. आधी काहीच नाही. मग ती गार पडायला लागली. मग तिला घाम फुटला, थेंब थेंब. त्या नळीला घाम फुटला की मेकॅनिकचा घाम वाळतो. मी खाली बसलो तो तिथेच, अंगणात, मांडी घालून. सुमनने पाणी आणून दिलं. मी तिलाही त्या नळीवर हात ठेवायला लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का आपणहून पायात चपला घालून दारात उभी. इस्पितळात पाळी व्यवस्थित झाली. दुपारी तिला व्हीलचेअरवरून बाहेर आणलं तेव्हा बाहेर भट्टी पेटलेली. मी गाडी आधीच गार करून ठेवली होती. सीट सपाट केली, तिला आडवी केली, दार लावलं. सिग्नलला मी फक्त बाजूला बघायचो. छाती खालीवर होतेय ना, तेवढंच. सयाजीगंज गेलं, पूल गेला. तिचे ओठ कोरडे नव्हते, कपाळ कोरडं होतं. एका सिग्नलला मी तिच्या नाकापुढे बोट धरलं. चक्क घोरत होती.

घर आलं. मी गाडी दारात, निंबाखाली उभी केली आणि इंजिन चालूच ठेवलं. सुमन दार उघडून पायऱ्या उतरली, तिला उतरवून घ्यायला. मी काचेतून हात हलवला, थांब. ती तशीच उभी राहिली, मग पायरीवर बसली. समोरचे पटेलभाई गॅलरीतून विचारायला लागले, काका, गाडी चालू ठेवून का बसलात, काही बिघडलंय का? मी नाही म्हणून मान हलवली.

असा किती वेळ बसलो कोण जाणे. थंड हवा एकसारखी येत होती, कुठे कुरकुर नाही, कचकच नाही. मग अक्काने डोळे किलकिले केले आणि विचारलं, "पोचलो का रे?"

आमचं फाटक बॉनेटपासून हातभर अंतरावर होतं.

"अजून लांब आहे," मी म्हटलं. "झोप तू."